तळखडकावरचे खड्डे

१

सकाळी प्रयोगशाळेत शिरले की मी आधी दिवा लावत नाही. आधी ऐकते. आतल्या खोलीत दगडांचं वय मोजणाऱ्या यंत्राचा निर्वात पंप दिवसरात्र चालू असतो. त्याची एकसुरी घरघर भिंतीतून, फरशीतून चपलेच्या तळव्यापर्यंत पोचते. ती ऐकली की माझी मान आपोआप ताठ होते. हा आवाज या देशातल्या दुसऱ्या कुठल्याही इमारतीत येत नाही.

कालपरवापर्यंत आपले दगड खोक्यात भरून परदेशी जायचे आणि त्यांचं वय ईमेलनं परत यायचं. आपल्याच जमिनीचं वय आपल्याला परक्यांनी सांगायचं आणि आपण खाली आभार मानून सही करायची. मी त्याच परक्या प्रयोगशाळेत शिकले. माझ्या सरांनी तिथेच जागाही देऊ केली होती. मी नाही म्हटलं तेव्हा सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. माझं म्हणणं एवढंच होतं की माझ्या जमिनीचं वय मी माझ्या जमिनीवर उभी राहून मोजणार.

आमच्या किनाऱ्यापलीकडे, पाण्याच्या खाली, गाळाचे किलोमीटरच्या किलोमीटर जाडीचे थर साचलेले आहेत. तेल शोधणारे त्या गाळात भोकं पाडतात. गाळ संपला की कठीण खडक लागतो, तो तळखडक. तिथे तेल नसतं, म्हणून तिथे काम थांबतं. त्यामुळे तो किती जुना हे कोणालाच ठाऊक नव्हतं. समुद्राचाच कोवळा तळ असेल, असं बाकीचे म्हणायचे. मी म्हणत होते की आपली जमीन किनाऱ्यावर संपत नाही, ती तशीच गाळाखाली उतरत जाते, पुराणी, अखंड.

या वर्षी एका तेलविहिरीनं न थांबता तो तळखडक थोडा वर आणला. दंडाएवढा जाड, गोल दांडा. त्याला कोअर म्हणतात. तो उभा चिरून एक अर्धुक सरांकडे गेलं आणि एक माझ्याकडे आलं. अट सोपी होती. दोन्ही ठिकाणचं वय जुळलं आणि आमच्या कामात एकही खोट निघाली नाही, तर इथून पुढे देशातला प्रत्येक दगड इथेच मोजला जाईल. नाहीतर यंत्राच्या पेट्या पुन्हा बांधल्या जातील. तपासनीस येण्याची तारीखसुद्धा ठरली होती.

मोजायचं कसं, तर दगड भरडून त्यातून झिर्कॉन या खनिजाचे कण वेचायचे, वाळूपेक्षा बारीक. त्यांच्या पोटात युरेनियमचं हळूहळू शिसं होत असतं, आणि ते घड्याळ थांबत नाही. हे कण रांगांनी राळेच्या चकतीत बसवून घासायचे आणि एकेकावर लेसर मारायचा. लेसर जिथे लागतो तिथे केसाहून अरुंद, गोल खड्डा पडतो. प्रत्येक आकड्याला त्याच्या खड्ड्याचा फोटो जोडावा लागतो. आमच्या धंद्यात खड्डा नसलेला आकडा म्हणजे थाप.

२

कोअर चिरली तो दिवस मी सणासारखा साजरा केला. करवतीवर आमची चकाकी होती. चकत्या घासून आरशासारख्या करते, म्हणून तिला सगळे चकाकी म्हणतात. करवतीतून पाणी उडालं, आणि ओल्या दगडावर पट्टे उजळले. करडा, गुलाबी, करडा. मी पुढे वाकले आणि दगड चाटला.

"शी! अगं ए!" चकाकी ओरडली. ती हातमोज्यांशिवाय भाजीलाही हात लावायची नाही.

"चाटल्यावर कण नीट दिसतात."

"तो आत्ता ओलाच होता की!"

तिचं बरोबर होतं. पण सवय ती सवय. भूगर्भवाल्या माणसाला नवा दगड दिसला की त्याची जीभ बाहेर येतेच. वर मी दातानंही थोडं कुरतडून पाहिलं. माझा पुढचा दात लहानपणी झोपाळ्यावरून पडून अर्धा तुटलेला आहे. त्या फटीत दगडाची कच बसली, खारट आणि थंड.

तो दात मी कधी दुरुस्त करून घेतला नाही. परदेशात सगळ्यांनी सुचवलं, पण मला माझा तुटका दात तसाच हवा होता. त्यातून 'स' म्हणताना बारीक शिट्टी वाजते. म्हणून बाबा मला नावानं हाक मारत नाहीत. त्यांच्या लेखी मी शिट्टीच.

दगडाची कडेची एक पातळ चकती उरली होती. ती मी रुमालात गुंडाळून घरी नेली, बाबांसाठी.

बाबा आयुष्यभर समुद्रातल्या तेलविहिरीच्या फलाटावर ड्रिलर होते. डाव्या हाताचं मधलं बोट त्यांनी तिथेच, पाइपांच्या चिमट्यात घालवलं. जेवायला बसले की ते डाव्या हाताची बोटं टेबलावर वाजवायचे. टक, टक, मग मोकळी जागा, टक. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचे बाबा असंच वाजवतात.

"काय आणलंस गं शिट्टे?"

"ओळखा."

त्यांनी चकती उजेडात धरली. उलटीपालटी करून पाहिली.

"हा तो आहे?"

"तोच."

"तीस वर्षं याच्या डोक्यावर बसलो होतो मी," बाबा म्हणाले. "कठीण लागलं की वरून हुकूम यायचा, थांबवा. प्रत्येक वेळी. कधी तोंड म्हणून पाहिलं नाही याचं."

आई शिलाईच्या मशिनवरून उठून आली. ती कपडे दुरुस्त करून देते, तिच्या तोंडात कायम टाचण्या असतात. टाचण्या न काढताच म्हणाली, "लोकांच्या मुली परदेशातून अत्तर आणतात. आमची फरशीचा तुकडा घेऊन आली."

"फरशी? ही तुझ्या सगळ्या खानदानापेक्षा जुनी आहे."

"तुमच्या आईपेक्षा जुनं काही असेल यावर माझा विश्वास नाही."

आम्ही हसलो. बाबांनी चकती ताटाशेजारी ठेवली आणि त्यांचं बोटाचं थोटूक तिच्यावर टेकवलं, सहज, बैलाच्या कपाळावर हात ठेवावा तसं. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा पाहिलं तेव्हा ते तिथेच टेकलेलं असायचं.

३

पहिल्या दिवशीची मोजणी स्वप्नासारखी झाली. कणामागून कण, आकड्यामागून आकडा, आणि सगळे एकाच रेषेवर. तीनशे सहा कोटी वर्षं. मी खोलीत एकटीच होते, तरी उभी राहिले. ज्याला सगळे समुद्राचा कोवळा तळ म्हणत होते ती आपली जमीन होती, आणि जगातल्या फार थोड्या जमिनी तिच्याहून थोरल्या होत्या.

खड्ड्यांचे फोटो शेजारच्या खोलीतल्या सूक्ष्मदर्शकाखाली काढायचे असतात. ते काम आम्ही दुसऱ्या सकाळी करतो, ताज्या डोळ्यांनी.

दुसऱ्या सकाळी खड्डे नव्हते.

कण होते. रांगा होत्या. चकतीच्या मागची खूण बरोबर होती. पण कणांचा पृष्ठभाग कोरा, लखलखीत होता, जणू त्यांना कोणी हात लावलाच नव्हता. मी चकती घेऊन तशीच चकाकीच्या खोलीत गेले.

"तू ही पुन्हा घासलीस?"

"मी? तुला दिल्यापासून तोंड पाहिलं नाही तिचं."

"मग खड्डे कुठे गेले?"

"कमाल आहे बाई. सगळं गाव रस्त्यात खड्डे आहेत म्हणून बोंबलतंय, आणि हिचे खड्डे हरवले!"

मला हसू आलं नाही. "हे बघ, घासल्याशिवाय खड्डे जात नाहीत. चुकून घासली असशील तर सांग. मी रागावणार नाही."

"रागावणार नाही?" तिनं हातमोजे काढून टेबलावर आपटले. "शिकून आलीस ती आमच्यावर आळ घ्यायला का? मी हात लावला असेल तर उद्यापासून या दारात पाय ठेवणार नाही, जा!"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि चकतीकडे पुन्हा पाहिलं. मधल्या रांगेत आम्ही ओळखीचे कण बसवतो. ते दुसऱ्याच दगडातले असतात, त्यांचं वय आधीच ठाऊक असतं, यंत्र खरं बोलतंय ना हे त्यांच्यावरून पडताळायचं. त्या कणांवर कालचे खड्डे जागच्या जागी होते, काळे आणि गोल. चकती घासली असती तर तेही गेले असते. फक्त आमच्या दगडाचे खड्डे गेले होते.

"माफ कर," मी म्हणाले.

"काय झालं?"

"काही नाही. माझंच चुकलं."

मी स्वतःला समजावलं. लेसरची धार कमी पडली असेल, कणांच्या वरची धूळ उडाली असेल आणि तेच खड्डे वाटले असतील. पण मग आकडे कुठून आले? धुळीला तीनशे सहा कोटी वर्षं वय नसतं. मी त्याच कणांवर पुन्हा लेसर मारला आणि या वेळी लगेच, पळत जाऊन, फोटो काढले. खड्डे होते. खोल, स्वच्छ, कडा उभ्या.

जेवून आल्यावर पाहिलं तर ते उथळ झाले होते.

पुढच्या सकाळी काहीच नव्हतं. मग जिथे खड्डा असायला हवा होता, बरोबर त्याच जागी, रात्रीतून जे काही भरलं होतं त्याच्यावर मी लेसर धरला. कालपर्यंत तिथे पोकळी होती. ती मी स्वतःच्या हातानं पाडली होती. नव्यानं भरलेल्या त्या पदार्थात शिसं असायलाच नको होतं, घड्याळ शून्यावर हवं होतं.

पडद्यावर आकडा आला. तीनशे सहा कोटी वर्षं.

४

"जरा गोदामात येतेस?" दोन दिवसांनी चकाकी दारात उभी राहून म्हणाली. तिच्या आवाजात चेष्टा नव्हती.

आमचं गोदाम तळघरात आहे. भर दुपारीही तिथे नळीचा दिवा लावावा लागतो. लोखंडी मांडण्यांवर लांबट ट्रे असतात, त्यांत दगड झोपवलेले असतात, आणि प्रत्येक ट्रेवर पत्र्याचं झाकण.

"या ट्रेचं झाकण बसत नाहीये," ती म्हणाली.

"वाकलं असेल."

"तू बसवून बघ."

मी झाकण दाबलं. ते एका बाजूनं बसलं, दुसऱ्या बाजूनं वर आलं. मधे काहीतरी होतं. मी ते काढून ठेवलं.

चिरलेल्या अर्धुकाची एक बाजू सपाट असते, पाव मधोमध कापावा तशी. मी तीच बाजू चाटली होती. तिच्यावर करवतीचे आडवे ओरखडे होते, चकाकीनं पेन्सिलनं काढलेला बाण होता. आता बाण नव्हता. ओरखडे नव्हते. सपाटीही नव्हती. ट्रेमध्ये दंडाएवढा जाड, गोल दांडा पडलेला होता, करडा, गुलाबी, करडा, आणि पट्टे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे कुठेही न तुटता जात होते.

"मी चुकीचा ट्रे काढला असेल," चकाकी म्हणाली.

"आपल्याकडे दुसरा आहे कुठे?"

आणि तेव्हा मला आवाज ऐकू आला. पंपाची घरघर वरून येत होतीच. तिच्या खाली आणखी एक आवाज होता, फार बारीक. दूरच्या वर्गात कोणीतरी फळ्यावर खडूनं लिहितंय, न थांबता, एकच लांब ओळ, असा.

"तुला ऐकू येतंय?"

"नाही," चकाकी चटकन म्हणाली. तिनं झाकण ठेवलं, वरून चिकटपट्टीचे चार वेढे दिले आणि ट्रे मांडणीच्या अगदी मागे सारला. "मला ऐकू येत नाही आणि दिसतही नाही. हे बघ, मला ही नोकरी हवी आहे. तुला तुझा देश हवा आहे. तपासनीस आकडे बघणार, फोटो बघणार. त्यांना गोदाम कोण दाखवतंय?"

"पण हे काय आहे, हे आपल्याला कळायला नको?"

"कळव की सगळ्यांना. सांग, आमच्या दगडाचे खड्डे भरतात. काय म्हणतील ते?"

मला ठाऊक होतं काय म्हणतील. म्हणतील, यांनी मोजलंच नाही. म्हणतील, नवी प्रयोगशाळा, नवखी पोरगी, घाई झाली आणि आकडे घरी बसून लिहिले. आणि मग पेट्या, खिळे, आणि पुन्हा ईमेलची वाट.

मी जिन्यानं वर आले. लेसर मारायचा, धावत जायचं, फोटो काढायचा. त्या आठवड्यात मी सगळे कण तसे केले. एकही आकडा खोटा नव्हता, एकही फोटो खोटा नव्हता. असं काम मी परदेशातही कधी केलं नव्हतं.

५

सरांचा फोन आला तेव्हा खिडकीत ऊन होतं आणि मी चहा घेत होते. पडद्यावर त्यांचा चेहरा मला थकल्यासारखा वाटला, पण ते हसत होते.

"अभिनंदन. तुझा आकडा पाहिला. आमचाही तोच आहे, अगदी शेवटच्या अंकापर्यंत."

मी कप खाली ठेवला. "सर, म्हणजे आमचं यंत्र..."

"तुमचं यंत्र उत्तम आहे. तू उत्तम आहेस. मी तसं लिहून पाठवतोय."

खरं तर तिथेच निरोप घ्यायला हवा होता.

"सर, एक विचारू? तुमच्या कणांवरचे खड्डे..."

ते हलले नाहीत. मला वाटलं, चित्र अडकलं. पण त्यांच्या मागच्या भिंतीवरच्या घड्याळाचा काटा फिरत होता.

"फोटो लगेच काढत जा," सर म्हणाले. "दुसऱ्या दिवसावर ठेवू नकोस."

"सर, तुमच्या अर्धुकाचा ट्रे..."

"आमच्या गोदामाला आम्ही कुलूप लावलंय." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही कोणी उघड्या हातानं धरला नाहीत ना तो दगड?"

"नाही," मी म्हणाले.

"मग झालं," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवायला हात पुढे केला. हातात जाड कातडी हातमोजा होता. सर ऐन थंडीतही हातमोजे घालत नसत.

६

बाबांना बातमी द्यायला मी त्या दिवशी लवकर घरी गेले. दारात आईच भेटली. शिलाईचं मशीन तिनं बाहेरच्या खोलीत आणलं होतं आणि तिथेच तिची उशीही होती.

"इथे झोपतेस?"

"पाठ दुखते. तुझ्या बाबांच्या बाजूनं गादी खचलीये." तिनं तोंडातल्या टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या. "आधी जेवून घे. मग बोल त्यांच्याशी."

"काय झालंय?"

"काही नाही. आनंदात आहेत."

स्वयंपाकघरातून टेबल वाजल्याचा आवाज आला. बाबा वाट पाहत होते. मी चपला काढता काढता ऐकत होते आणि कुठेतरी माझा पाय अडला.

टक, टक, टक, टक.

मोकळी जागा नव्हती. चार ठोके होते, सलग, आणि तिसरा बाकीच्यांपेक्षा जड होता.

मी आत गेले. बाबांनी डावा हात टेबलाखाली घेतला, चोरून मिठाई खाणाऱ्या पोरासारखा. दगडाची चकती ताटाशेजारीच होती. ती आता चकती राहिली नव्हती. वरणाच्या वाटीएवढी उंच झाली होती.

"बाबा, वय जुळलं. सर लिहून देतायत. यंत्र इथेच राहणार."

"अगं शिट्टे!" ते उठले आणि उजव्या हातानं त्यांनी मला जवळ घेतलं. त्यांचे डोळे भरले होते. "मी सांगितलं नव्हतं तुझ्या आईला? आपल्या पायाखालचं आपणच मोजणार. मी वर बसून राहिलो, तू खाली पोचलीस."

मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. माझ्या आयुष्यात त्याहून मोठा क्षण नव्हता. त्याच क्षणी मी म्हणाले, "बाबा, तो तुकडा मला परत हवा आहे."

"दिलेली वस्तू परत मागतेस?"

"प्रयोगशाळेची आहे ती."

"नाही." आवाज शांत होता. "मला पूर्ण वाटतंय, बाळा. किती वर्षांनी. तुला नाही कळणार."

"हात दाखवा."

"कशाला?"

"बाबा, दाखवा."

त्यांनी हात वर काढला, टेबलावर ठेवला आणि लगेच बाहीखाली ओढून घेतला. टेबलावरचा पेला त्या धक्क्यानं हलला. मी फक्त एवढंच पाहिलं की पाचही बोटं होती, आणि मधल्याला नख नव्हतं. करडा, गुलाबी, करडा. पट्टे बोटाशी संपत नव्हते. ते तळहातात उतरत होते.

आई दारात उभी होती. "आधी जेवून घे म्हटलं होतं मी," ती म्हणाली.

७

तपासनीस आले तो दिवस निरभ्र होता. सभागृहात खुर्च्या कमी पडल्या. संचालक, मंत्रालयातले लोक, माझ्या शाळेतल्या बाई, मागे भिंतीला टेकून चकाकी, नव्या साडीत आणि नव्या हातमोज्यांत. पहिल्या रांगेत आई आणि तिच्या शेजारी बाबा, डावा हात कोटाच्या खिशात. तो कोट त्या बाजूनं खाली ओढला गेला होता.

तपासनिसांनी फोटो एकेक करून पाहिले होते. खड्डे गोल, खोल आणि स्वच्छ. असे खड्डे आम्ही फार कमी ठिकाणी पाहिलेत, असं त्यांतले वयस्कर गृहस्थ म्हणाले. मग मला मंचावर बोलावलं.

मी कागद घेतला नाही. मी सांगितलं, आपण लहानपणापासून नकाशात किनाऱ्याची रेघ ओढत आलो आणि समजत आलो की आपण इथे संपतो. आपण तिथे संपत नाही. पाण्याच्या खाली, गाळाच्या खाली, आपण पुढे जातो. माझा आवाज कापत नव्हता. प्रत्येक शब्द मला मनापासून खरा वाटत होता, आजही वाटतो.

"आणि त्या जमिनीचं वय," मी म्हणाले, "आहे तीनशे सहा कोटी वर्षं."

'सहा' स्वच्छ निघाला. माइकनं तो सभागृहाच्या कोपऱ्यापर्यंत नेला, गोल, भरीव, आणि त्यात शिट्टी नव्हती.

इतक्या माणसांत ते एकट्या बाबांच्या लक्षात आलं. त्यांनी मान वर केली, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हळूहळू हसले, ओळख पटावी तसे. मग त्यांनी खिशातून हात काढला आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मागोमाग सगळं सभागृह उभं राहिलं. त्या कडकडाटातही मला त्यांची टाळी वेगळी ऐकू येत होती. शेजारी आई मात्र बसून होती, तोंडावर पदर धरून.

विचार करताना माझी जीभ तुटक्या दाताकडे जाते, ती लहानपणापासूनची खोड. कितीतरी दिवसांत ती तिकडे गेली नव्हती हे मला तेव्हा, त्या टाळ्यांत, उमगलं. मी ओठ मिटले. जीभ वर गेली. दाताची कड सरळ होती, पुरी होती, आणि थंड होती.

भाषण अजून संपायचं होतं. मी मान ताठ केली आणि ते संपवलं.

यंत्र इथेच आहे. देशभरातून दगड येतात, आणि त्यांची वयं आम्ही सांगतो. दारावरची पाटी मी दर सोमवारी स्वतः पुसते. तिच्या पितळेत माझं तोंड दिसायला लागलं की मी फडका उचलते आणि बाजूला होते. घरातल्या आरशांवर आईनं चादरी टाकल्या आहेत, मी न सांगता.

सकाळी प्रयोगशाळेत शिरले की मी आधी दिवा लावत नाही. आधी ऐकते. पंपाची घरघर असते. परवा वीज गेली आणि पंप थांबला, तेव्हा खालचा तो आवाज मोकळा ऐकू आला, खडूनं लांब ओळ ओढल्यासारखा. मी गोदामाच्या जिन्यापाशी जाऊन उभी राहिले. तिथे तो मोठा झाला नाही. मी बाहेर आले, रस्ता ओलांडला, पलीकडच्या बाकावर जाऊन बसले. तो लहानही झाला नाही.